सहा मिनिटांची शॉर्ट फिल्म कशी बांधायची

शॉर्ट फिल्म ही मोठ्या सिनेमाची छोटी आवृत्ती, असं धरून लिहायला बसलं की घोटाळा तिथेच सुरू होतो. मग आठ मिनिटांत बालपण, प्रेम, ताटातूट, आजारपण आणि पश्चात्ताप असं सगळं कोंबलं जातं आणि हाती लागतो तो ट्रेलर. चांगल्या शॉर्ट फिल्मचा जीव लहान असतो: एक माणूस, त्याच्यापुढे आलेला एक पेच आणि त्याने घेतलेला एक निर्णय. निर्णय झाला की फिल्म संपली. लोकेशन, कॅमेरा, संगीत हे सगळं प्रेक्षकाला त्या निर्णयापर्यंत वेळेत पोचवण्यासाठी असतं.

लांबीचं म्हणाल तर ऑस्करच्या नियमात श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांपर्यंतची फिल्म 'शॉर्ट' ठरते, बर्लिनच्या शॉर्ट्स विभागात ३० आणि कानच्या स्पर्धेत १५ मिनिटांपर्यंतची. पण ही कमाल मर्यादा आहे, तिथवर पोचायलाच हवं असं कुठेही लिहिलेलं नाही. महोत्सवात सात-आठ फिल्म एकत्र बांधून साधारण दीड तासाचा एक खेळ लावतात. त्यात पंचवीस मिनिटांची फिल्म घ्यायची तर दोन-तीन फिल्म बाहेर काढाव्या लागतात, म्हणजे ती तेवढी सरस असावी लागते. पहिल्यांदा करत असाल तर पाच ते आठ मिनिटं धरा.

कल्पना तपासून घ्या

एक कल्पना घेऊ आणि पुढे तीच वापरू. एक चावीवाला एका फ्लॅटच्या दाराचं कुलूप बदलायला येतो. बोलावणारी बाई घाईत आहे. काम संपता संपता जिना चढून एक पुरुष येतो. त्याच्या खिशातली चावी आता या दाराला लागत नाही.

पहिला प्रश्न: फिल्म कोणाची? बाईची वाटते, पण बाईचा निर्णय फिल्म सुरू होण्याआधीच झालेला आहे. पडद्यावर निर्णय घ्यायची पाळी चावीवाल्यावर येते, म्हणून फिल्म त्याची. दुसरा प्रश्न: त्याला काय हवंय? काम उरकून, पैसे घेऊन निघायचंय. इच्छा एवढी साधी असली तरी चालते, किंबहुना साधीच बरी, कारण ती समजावून सांगण्यात वेळ जात नाही. तिसरा: आडवं काय येतं? आपण कोणाला घराबाहेर ठेवतोय हे त्याला कळतं. चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: शेवटी तो काय करतो? याचं उत्तर कॅमेऱ्याला दिसेल अशा क्रियापदात यायला हवं. 'त्याला अपराधी वाटतं' हा शेवट होऊ शकत नाही. 'तो हातातली चावी दाराखालच्या फटीतून आत सरकवतो' हा होऊ शकतो. चौथं उत्तर असं मिळत नसेल तर पटकथा लिहायला घेऊ नका, ती पंधरा पानांनंतरही तिथेच अडकलेली असेल.

आता त्या धंद्याची माहिती काढा. गोष्टीतले सांधे बहुतेक वेळा तिथेच सापडतात. दारातलं सिलिंडर कुलूप (ज्यातला चावी फिरते तो नळीसारखा भाग, म्हणजे सिलिंडर, बाहेर काढता येतो) बदलताना दाराच्या कडेचा एक लांब स्क्रू काढतात, जुनी चावी घालून थोडी फिरवून धरतात आणि मग सिलिंडर सरकवून बाहेर ओढतात. चावी न फिरवता ओढलं तर तो अडकतो. म्हणजे जुनी चावी लागतेच, आणि ती बाईच्या जुडग्यातून निघते. ती याच घरात राहते हे सांगणारा संवाद लिहायची गरजच उरली नाही. नवं कुलूप आधी दार उघडं ठेवून तपासतात, नाहीतर कुलपात दोष निघाला तर सगळेच अडकतील. म्हणजे बाई 'लवकर लावा दार' म्हणत असताना चावीवाला दार उघडंच ठेवणार. त्याच्या कामाची शिस्त आणि तिची भीती समोरासमोर आली, तीही कुणी आवाज न चढवता. शिवाय हे काम सराईत माणसाला जेमतेम पाच-सहा मिनिटांचं असतं, त्यामुळे फिल्मचा वेळ आणि कामाचा वेळ जवळपास एक होतो. 'तीन वर्षांनंतर' अशी पाटी लावायची वेळच येत नाही.

पटकथा

सुरुवात उशिरा करा. चावीवाल्याचं सकाळी उठणं, दुकान उघडणं, फोन येणं, रस्त्यातून चालत येणं हे सगळं पहिल्या खर्ड्यात हमखास लिहिलं जातं आणि हमखास कापावं लागतं. पहिल्या शॉटला स्क्रूड्रायव्हर स्क्रूवर टेकलेला असावा. सूर्योदय, गजराचं घड्याळ आणि आरशात बघणारा नायक यांच्यापासून तर लांबच राहा. निवड करणाऱ्या मंडळींनी ते इतक्यांदा पाहिलेलं असतं की तिथेच त्यांचं लक्ष घड्याळाकडे जातं.

पहिल्या ३० सेकंदांत तीन गोष्टी कळायला हव्यात: आपण कुठे आहोत, कोणाकडे बघायचं आहे आणि काहीतरी बिनसलेलं आहे. शेवटची गोष्ट आपल्या उदाहरणात बाईच्या नजरेतून येते, ती कामाकडे न बघता सारखी जिन्याकडे बघते.

पानाला एक मिनिट हा प्रसिद्ध हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक साच्यासाठी, १२ पॉइंट कुरियर टंकासाठी आहे. देवनागरीत तो भरवशाचा नाही. त्यापेक्षा स्टॉपवॉच लावून पटकथा मोठ्याने वाचा आणि क्रिया प्रत्यक्ष करून बघा. 'तो स्क्रू काढतो' ही एक ओळ पडद्यावर २५ सेकंद खाते. उलट चार ओळींची खडाजंगी आठ सेकंदांत उरकते. आलेल्या वेळेत पाचवा हिस्सा आणखी धरा, शूटमध्ये सगळंच लांबतं.

संवाद लिहून झाले की प्रत्येक सीनचा पहिला आणि शेवटचा संवाद झाकून वाचा. बहुतेक वेळा सीन सुधारतो, कारण पहिला संवाद नमस्कार-चमत्काराचा असतो आणि शेवटचा आधीच कळलेलं पुन्हा सांगणारा. दोघांनाही ठाऊक असलेली माहिती प्रेक्षकासाठी एकमेकांना सांगणं हा सर्वांत मोठा दोष. 'तुम्हाला माहीतच आहे, आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली' असं बाई चावीवाल्याला सांगणार नाही. ती विचारेल, 'जुन्या चावीने अजिबातच उघडणार नाही ना?' एवढ्यात सगळं आलं.

शेवट

शेवट धक्कादायक असावा असा समज आहे. नुसता धक्का दुसऱ्यांदा बघताना उरत नाही. शेवट अनपेक्षित असावा, पण मागे वळून बघितलं तर त्याची तयारी आधीच दिसलेली असावी. उदाहरणातली तिसरी चावी घ्या. नव्या कुलपाच्या पाकिटातून तीन चाव्या निघतात. बाई त्या मोजते, हे दुसऱ्या मिनिटाला दिसतं. दोन ती घेते, तिसरी बाहेरून तपासण्यासाठी चावीवाल्याकडे राहते. दार बंद होतं, कुलूप लागतं, तो हत्यारं पिशवीत भरायला लागतो आणि तेवढ्यात तो पुरुष येतो, चावी लावतो, फिरत नाही. मग तो चावीवाल्याच्या पिशवीकडे बघतो: 'चावी आहे तुमच्याकडे?' ती आहे, हे प्रेक्षकाला चार मिनिटांपासून माहीत आहे. आता काहीही झालं तरी ते पटेल.

वस्तू एकदा सहज दिसावी आणि एकदा कामाला यावी. मध्ये तिसऱ्यांदा आठवण म्हणून क्लोज-अप टाकला की प्रेक्षक पुढचं ओळखतो.

टाळायचे शेवट सांगायचे तर, सगळं स्वप्न होतं, नायक मुळात मेलेलाच होता, आणि काळ्या पडद्यावर संदेश किंवा आकडेवारी. मृत्यूबद्दलही हात आखडता घ्यावा. पात्राला मारून टाकणं ही बऱ्याचदा निर्णय टाळण्याची पळवाट असते. निर्णयानंतर फार तर दहा सेकंद थांबा. चावी सरकवल्यावर चावीवाला जिना उतरतो, रस्त्यावर येतो, आकाशाकडे बघतो, यातलं काहीच नको.

शूटच्या आधी

लोकेशन बघायला ज्या वेळी शूट करणार त्याच वेळी जा आणि पाच मिनिटं डोळे मिटून उभे राहा. पंप, लिफ्ट, शेजारचा टीव्ही, शाळेची घंटा हे सगळं आत्ता ऐकू येऊ दे, शूटच्या दिवशी नको. ऊन कुठल्या खिडकीतून किती वाजता येतं त्याची नोंद करा. लेखी परवानगी घ्या.

छोटं युनिट दिवसाला १५ ते २० सेटअप करू शकतं. कॅमेरा किंवा लाइटची जागा बदलली की एक सेटअप, आणि प्रत्येकाला सरासरी अर्धा तास जातो. सहा मिनिटांच्या एका लोकेशनच्या फिल्मला दोन दिवस बरे. पहिल्या सेटअपला अवघड अभिनय ठेवू नका, आणि शेवटचा महत्त्वाचा शॉट दिवसाच्या शेवटच्या तासावर ढकलू नका. तो तास कधीच हाती येत नाही.

नटांना भावना सांगण्यापेक्षा काम सांगा. 'घाबरलेली दिस' म्हटलं की चेहरा घाबरल्याचा मुखवटा घालतो. 'त्याने विचारायच्या आत त्याला इथून घालव' म्हटलं की घाई, चिडचिड, भीती आपोआप येते. चावीवाल्याचं काम करणाऱ्या नटाने सिलिंडर बदलायचा सराव हात चुकेनासा होईपर्यंत करावा. हात अडखळला तर बाकी सगळं खोटं वाटतं. तरीही जमत नसेल तर हातांचे इन्सर्ट, म्हणजे मध्ये घालायचे जवळचे शॉट, खऱ्या कारागिराचे घ्या, बाही आणि नखं तेवढी जुळवा.

शॉट आणि कॅमेरा

प्रत्येक शॉटला विचारा, याने नवीन काय कळलं? उत्तर नसेल तर तो खोडा. ड्रोनचा शॉट बहुतेक वेळा इथेच गळतो.

दोन माणसांमधून एक काल्पनिक रेषा धरतात, कॅमेरा सीनभर तिच्या एकाच बाजूला ठेवतात. रेषा ओलांडली की दोघं एकाच दिशेला बघत बोलतायत असं वाटतं. दाराच्या सीनमध्ये हे फार लवकर होतं, कारण कॅमेरा आत-बाहेर न्यायचा मोह होतो. आत जायचंच असेल तर पात्राला रेषेतून चालत न्या किंवा मध्ये हाताचा क्लोज-अप घ्या. एकाच माणसाचे लागोपाठ दोन शॉट जोडायचे तर कॅमेऱ्याचा कोन निदान ३० अंशांनी बदलायला हवा, नाहीतर कट उडी मारल्यासारखा दिसतो.

जिन्याची जागा अरुंद असली की वाइड लेन्स लावून चेहऱ्याजवळ जावंसं वाटतं. त्यात नाक मोठं आणि कान गायब होतात. त्यापेक्षा कॅमेरा फ्लॅटच्या आत मागे न्या आणि चौकटीतून बघा. अंतर मिळतं आणि चौकटही फुकटात मिळते.

फोनवर शूट करत असाल तर एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) तिन्ही लॉक करा. नाहीतर दार उघडताना चेहरा मध्येच काळवंडतो आणि भिंतीचा रंग शॉटगणिक बदलतो. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, तोही स्थिर ठेवणारं अॅप वापरा. बरेच फोन प्रकाशानुसार तो कमी-जास्त करतात आणि वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज हळूहळू ओठांपासून सुटत जातो. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद ठेवा. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे ट्यूब आणि एलईडीचं लुकलुकणंही यामुळे बहुतेक टळतं. ६० हर्ट्झ असेल तर १/६०.

प्रत्येक टेकच्या आधी आणि 'कट' म्हणायच्या आधी पाच सेकंद सोडा. एडिटच्या टेबलावर हीच सेकंदं कामाला येतात. चावी, स्क्रू, फट, पायऱ्या यांचे इन्सर्ट दहा-दहा सेकंदांचे घ्या. आणि कार्ड रिकामं करण्याआधी दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी, त्यातही दोन-तीन फाइल उघडून बघून.

आवाज

इथे सर्वांत जास्त फिल्म पडतात. किंचित दाणेदार चित्र प्रेक्षक शैली म्हणून खपवून घेतो. घुमणारा संवाद मात्र दहाव्या सेकंदाला हौशीपणा उघड करतो. पैसे कॅमेऱ्यावर घालू की माइकवर, असा प्रश्न पडला तर माइकवर घाला.

अंतर हाच सगळा खेळ आहे. माइक तोंडापासून दुप्पट लांब गेला की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो, पण खोलीतला घुमारा तेवढाच राहतो. कॅमेऱ्यावर बसवलेला माइक सहा फुटांवर असतो, बूम, म्हणजे लांब काठीच्या टोकाला लावलेला माइक, दीड फुटावर येऊ शकतो, म्हणजे १२ डेसिबलचा फरक. हा फरक नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने निखळ भरून निघत नाही. बूम फ्रेमच्या वरच्या कडेला जेमतेम दिसणार नाही इतका खाली आणि छातीच्या दिशेने तिरका धरा. लांबट शॉटगन माइक उघड्यावर उत्तम, पण छोट्या, रिकाम्या भिंतींच्या खोलीत किंवा जिन्यात तो डबड्यातल्यासारखा आवाज पकडतो. तिथे आखूड हायपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा माइक) बरा, आणि फ्रेमबाहेर जमिनीवर-भिंतीवर जाड रजया. लेपल माइक कपड्याखाली लावताना तो कापडावर घासणार नाही असा दोन्ही बाजूंनी टेपने बसवा आणि नटाला हात हलवायला लावून हेडफोनमध्ये ऐका. हेडफोन लावून ऐकणारा एक माणूस शूटभर असलाच पाहिजे, त्याला दुसरं काम देऊ नका.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर करा. संवादाची शिखरं -१२ ते -६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि तो शिवता येत नाही. ओरडण्याचा संवाद असेल तर पातळी तालमीत ठरवा, कारण टेकमध्ये नट जास्तच ओरडतो. फ्रिज, पंखे बंद करा. फ्रिज पुन्हा चालू करायचं विसरू नये म्हणून युनिटच्या गाडीची चावी त्यातच ठेवायची जुनी युक्ती आहे, आणि ती खरंच चालते.

प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांना गप्प उभं करून एक मिनिट रूम टोन, म्हणजे त्या जागेच्या शांततेचा आवाज, घ्या. संवादांच्या मधल्या फटी याच आवाजाने भरतात. तो नसेल तर दर कटला पार्श्वभूमी तुटल्यासारखी ऐकू येते.

आमच्या उदाहरणात तर जिन्यावरची पावलं हे चौथं पात्रच आहे. ती कॅमेरा बंद करून, त्याच जिन्यावर, वेगवेगळ्या मजल्यांवरून रेकॉर्ड करा: चपलांची, बुटांची, थांबून पुन्हा निघणारी. चावी फिरण्याचे, न फिरण्याचे आवाज अगदी जवळून पाच-सहा वेळा घ्या. न फिरणाऱ्या चावीचा आवाज नीट पकडला गेला तर त्या क्षणी संगीताची गरज नाही. संगीत एकूणच उशिरा विचारात घ्या. दुःखी प्रसंगाखाली पियानो घातला की प्रसंग कमकुवत होता हेच उघड होतं.

एडिट

पहिला जोड, म्हणजे सगळे शॉट क्रमाने लावून झालेली फिल्म, नेहमी लांब आणि निराशाजनक असतो. सहा मिनिटांची पटकथा नऊ मिनिटांची झालेली दिसेल. चार दिवस ती बघू नका. मग एकदा आवाज बंद करून बघा, गोष्ट कळते का? एकदा चित्र बंद करून ऐका, कुठे कंटाळा आला? जिथे मन भरकटलं तिथली वेळ लिहा, कात्री तिथेच लागेल.

कट माणूस बोलून संपल्यावर करण्यापेक्षा समोरच्याला ते लागलं त्या क्षणी करा. पुढच्या शॉटचा आवाज आधी येऊ दे किंवा मागचा आवाज पुढच्या चित्रावर रेंगाळू दे, संवाद लगेच वाहता होतो. खूप कष्टाने घेतलेला शॉट आणि फिल्मला लागणारा शॉट एकच असेल असं नाही. तो काढून फिल्म बघा, कुणाला फरक कळला नाही तर तो परत घालू नका.

तीन-चार अनोळखी माणसांना दाखवा. 'आवडली का' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'काय झालं ते सांगा' म्हणा. दोघांनी तिसऱ्या चावीचा उल्लेख केला नाही तर ती नीट दिसलेली नाही, त्यांच्याशी वाद घालू नका. चित्र पक्कं झाल्यावरच ध्वनी मिश्रण आणि रंगकाम सुरू करा. एक सेकंद इकडचा तिकडे केला तर दोन्ही कामं पुन्हा करावी लागतात.

बाहेर पाठवताना

श्रेयनामावली ३०-४० सेकंदांत आटपा आणि सुरुवातीला नावांची माळ लावू नका. गाणं वापरायचं असेल तर दोन वेगळ्या परवानग्या लागतात, एक रचनेच्या हक्कधारकाची आणि दुसरी त्या रेकॉर्डिंगच्या मालकाची. 'तीस सेकंदांपर्यंत चालतं' असा सर्वसाधारण नियम नाही. नटांची लेखी संमती शूटच्याच दिवशी घ्या, सहा महिन्यांनी कोणी सापडत नाही.

इंग्रजी सबटायटल एका वेळी दोनच ओळी, ओळीला साधारण ४० अक्षरं, आणि पडद्यावर निदान एक सेकंद. शब्दशः भाषांतर करू नका, वाचायला वेळ पुरला पाहिजे. सबटायटल शक्यतो कटच्या पलीकडे लांबवू नका.

थिएटरसाठी डीसीपी, म्हणजे डिजिटल प्रोजेक्टरवर चालणारा फाइलींचा संच, मागतात, त्याचा सर्वमान्य वेग सेकंदाला २४ फ्रेमचा आहे. २५ला शूट केलं असेल तर चालेल का, हे आधी विचारून घ्या. काही महोत्सव इंटरनेटवर आधीच खुली असलेली फिल्म घेत नाहीत. त्यामुळे यूट्यूबवर टाकायची घाई करू नका, आधी प्रत्येकाचे नियम वाचा. निवड समितीला लिंक पासवर्ड लावून पाठवा, आणि निकाल लागेपर्यंत तो पासवर्ड बदलू नका.